पुरेसा आकडा

मिरजेत किल्ला भागात माझी खानावळ होती. एकतीस वर्षं चालवली. मेडिकलची पोरं, पेशंटबरोबर आलेले नातेवाईक, बँकेतले एकटे राहणारे साहेब, सगळे माझ्याकडे जेवून गेले. सगळे मला मावशी म्हणायचे. शालन बाबर हे नाव फक्त लाइटच्या बिलावर. हे सांगायचं कारण एवढंच, की माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवायला यायची गरज नाही.

पहिलं नको मानेचं असतं. मान हलते, पण डोळे पातेल्यात. ते धरायचंच नाही. दुसरं नको हाताचं. ताटावर हात आडवा येतो, पण बोटांत फट असते, त्या फटीतनं अर्धी चपाती सरकवायची. तिसरं पोटाचं. माणूस ताट सोडून मागं सरकतो, तिथं आपण थांबायचं. नवीन पोरगं घर सोडून आलेलं असायचं, लाजायचं, एक चपाती खाऊन उठायला बघायचं. त्याला खांद्याला धरून खाली बसवलं की चार खायचं. खानावळ म्हणजे निम्मा स्वयंपाक आणि निम्मा आग्रह, असं मी कामाला येणाऱ्या बायकांना सांगायची.

मग दोन हजार चव्वेचाळीस साली ‘निवांत’ नावाची कंपनी आली आणि माझं नको म्हणणं मलाच नडलं.

त्यामागचं शास्त्र मला बऱ्याच जणांनी बऱ्याचदा समजावलं, आणि खरं सांगते, ते खोटं नाही. पैसा वाढला की सुख वाढतं, पण कुठवर? पूर्वी संशोधक लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे. फॉर्मवर माणूस काय वाट्टेल ते लिहितो. म्हणून त्यांनी मेंदूलाच विचारायचं ठरवलं. कपाळामागं, डोळ्यांच्या जरा वर, मेंदूचा एक भाग आहे. समोर आलेली गोष्ट आपल्याला किती मोलाची वाटते ते तिथं ठरतं. डोक्याला सेन्सरची टोपी घालायची. पडद्यावर दरमहाची रक्कम दाखवायची, आणि तेवढ्या रकमेत जगणं कसं असेल त्याची चित्रं. वीस हजार, पंचवीस, तीस. रक्कम वाढते तशी मेंदूची रेघ चढते. एका जागी रक्कम वाढत राहते, पण रेघ चढायची थांबते आणि सपाट होते. ती रक्कम म्हणजे त्या माणसाचा पुरेसा आकडा. त्याच्या वरचा रुपया त्या माणसाला काही सुख देत नाही.

कंपनीची योजना त्यावर उभी होती. म्हातारपणी घर, ठेवी, जे काय असेल ते कंपनीकडं द्यायचं. कंपनी राहायला खोली देणार आणि मरेपर्यंत दर महिन्याला पुरेशा आकड्याएवढे पैसे. उरलेलं सगळं ज्याची रेघ अजून चढती आहे त्याला, म्हणजे बहुतेक वेळा पोरांना. रुपया जिथं जास्त सुख देतो तिथं जावा, एवढं साधं. मलाही त्यात काही वाकडं दिसलं नाही.

हर्षल, माझा एकुलता एक, पुण्यात असतो. तो दहावीत असताना त्याचे वडील गेले. खानावळीवरच तो शिकला. त्याचं घर झालं, घराचे हप्ते झाले, सुनेची, मृण्मयीची नोकरी गेली, मग परत लागली. माझे गुडघे गेले तेव्हा तोच योजनेचे कागद घेऊन आला. जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. आई, तुलाही आराम आणि आम्हालाही हातभार, असं म्हणाला. खरंच होतं ते.

पहिल्या मोजणीला मी ठेवणीतली साडी नेसून गेले. टोपी घातली, पडदा लागला. बावीस हजार. त्यात एक खोली, दोन वेळचं जेवण, औषधं. मग अठ्ठावीस, मग एकतीस, मग पस्तीस. पस्तीसच्या चित्रात एक बाई नवा मिक्सर घेऊन उभी होती. मी मनात म्हटलं, नको बाई, आहे तो चालतो की. चाळीसला बाई सहलीला निघाली होती. मी म्हटलं, मला काय करायचंय.

माझा आकडा आला एकतीस हजार दोनशे. त्या दिवशी मोजणीला बसलेल्यांत सगळ्यांत कमी. बाकीच्यांचे साठ-सत्तरच्या घरात. माझ्यावर टाळ्या वाजल्या, पुष्पगुच्छ मिळाला. हर्षलनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, आमची आई म्हणजे संत आहे. हल्ली स्थळं बघताना उंचीच्या खाली आकडा लिहितात आणि कमी आकड्याच्या मुलीवर उड्या पडतात, तेव्हा मृण्मयीच्या आईनंसुद्धा फोन करून माझं कौतुक केलं. मीही जरा फुगलेच. हर्षलचा आकडा निघाला पावणेतीन लाख. खानावळीची जागा विकली गेली, त्याच्या घराचे हप्ते फिटू लागले आणि मी मालगाव रोडवरच्या ‘निवांत’च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले.

तिथं काही म्हणजे काही कमी नव्हतं. खोलीत ऊन यायचं. पाणी चोवीस तास. दोन्ही वेळचं जेवण सीलबंद डब्यात दाराशी यायचं, मोजून एका पोटाचं. पण एकेका मजल्यावर सोळा दारं, आणि सोळाच्या सोळा बंद. प्रत्येकाच्या खोलीत टीव्ही लागलेला. पहिले पंधरा दिवस मी कुणाशी बोलले नाही. बोलायचं म्हणून कंपनीच्या फोनवर तक्रार केली की आमटी पातळ आहे. तिकडनं मशीनचा आवाज आला, आपली तक्रार नोंदवली आहे. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. आमटी काही पातळ नव्हती.

समोरच्या खोलीत हुक्केरी मास्तर राहायचे. गणिताचे मास्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एक दिवस मी कांदा, लसूण, बाजरीचं पीठ मागवलं, भाकरी थापल्या, झुणका केला आणि त्यांचं दार वाजवलं. ते म्हणाले, नको नको, माझा डबा आलाय. मी म्हटलं, आला असेल, या. ते म्हणाले, कशाला तुम्हाला त्रास. मी म्हटलं, त्रास झालाय आधीच, आता या. तीन भाकरी खाल्ल्या बाबानं. तिसरीला त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ठसक्याचंच आहे असं आम्ही दोघं धरून चाललो.

दुसऱ्या आठवड्यात पाच जण झाले. दुपारी साडेबाराला माझ्या खोलीत सतरंजी पडायची. कुणी मुलाचं सांगायचं, कुणी मुलीचं, कुणी नुसतं जेवायचं. मी वाढायची. वाढता वाढता मला कळलं की माझ्या गुडघ्यांत दुखणं आहे हे मी तासभर विसरलेली असते. पण माझ्या आकड्यात एका पोटाचं गणित होतं. वीस तारखेला पैसे संपायचे. मग दहा दिवस सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात, आणि पुन्हा सोळा दारं बंद. त्या दहा दिवसांत मास्तर दोन्ही डबे तसेच परत पाठवायचे.

मी हिशेब घातला. महिन्याला चौदा हजार जास्त मिळाले तर सतरंजी रोज पडेल. मला पैसे हवे होते. त्या पैशानं मला सुख होणार होतं, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं. पण हर्षलकडं मागायचं म्हटलं की माझी जीभ उचलायची नाही. चार वेळा फोन लावला. चारही वेळा त्यानं विचारलं, कशी आहेस, आणि मी म्हटलं, मजेत.

वर्ष पुरं झालं की पक्की मोजणी असते. पहिली मोजणी कच्ची, तिच्यात बदल होऊ शकतो. पक्कीत जो आकडा येईल तो मरेपर्यंतचा. मोजणीच्या आठ दिवस आधी मी खाली ऑफिसात गेले. मोजणी करणाऱ्या बाई रेश्मा खाडे. पन्नाशीच्या, पूर्वी नर्स होत्या. मला बघून म्हणाल्या, मावशी, ओळखलं नाही ना, नर्सिंगला असताना दोन वर्षं तुमच्याकडं जेवलेय. मग मला बोलायला सोपं गेलं. मी सगळं सांगितलं. मशीन चुकतंय, मला जास्त हवंय, पण त्या टोपीखाली माझ्या मनात आपोआप नको येतं.

त्यांनी ऑफिसचं दार लावलं आणि मला टोपी घातली. नोंदीत न धरता एकदा बघू म्हणाल्या. पडद्यावर पंचेचाळीस हजार आले. रेघ सपाट. मग त्यांनी पडदा बंद केला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. पंचेचाळीस घ्या की मावशी, म्हणाल्या. मी म्हटलं, नको. अहो घ्या, पाच जण जेवतील. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू काय, मी देतेय ना, घ्या. आणि हातातला छोटा पडदा त्यांनी माझ्याकडं फिरवला. रेघ वरच्या काठाला जाऊन टेकली होती.

मग त्यांनी मला समजावलं ते असं. माणसाला काही हवंसं वाटतं ते मेंदूत आधी उमटतं. त्याच्यामागनं आवर येतो, म्हणजे घेऊ का नको, बरं दिसेल का, असा. मशीन अर्ध्या सेकंदानं नोंद घेतं. बाहेरच्या देशात ते तयार झालं, तिथल्या लोकांवर तपासलं. त्यांचा आवर सावकाश येतो, म्हणून हवंसं वाटणं नोंदीत सापडतं. ज्याला लहानपणापासून पहिल्यांदा नकोच म्हणायचं शिकवलंय, त्याचा आवर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन बसतो. मशीनला वाटतं, या बाईला काही नकोच आहे. दुसऱ्या-तिसऱ्यांदा कुणी म्हटलं की तो आवर सैल पडतो आणि खालचं वर येतं. पण मशीन एकदाच विचारतं.

“तुमच्यासारखे पुष्कळ आहेत,” खाडेबाई म्हणाल्या. “मी वर लिहिलं होतं. त्यांनी कळवलं, नोंद घेतली आहे.”

पण एक वाट होती. पक्क्या मोजणीत शेवटचा प्रश्न मशीन विचारत नाही. उरलेले पैसे ज्याला जातात त्यानं स्वतः विचारायचा असतो, म्हणजे पुढं भांडण नको. त्याला तीन मिनिटं दिलेली असतात. किती वेळा विचारायचं हे नियमात कुठंच लिहिलेलं नाही. हर्षलनं दोनदा, तीनदा म्हटलं की रेघ चढेल, वरच टेकेल, आणि ती जिथं थांबते तिथला आकडा धरला जाईल.

खाडेबाई म्हणाल्या, मी आजच फोन करून त्यांना सांगते, काय करायचं ते.

मी नको म्हटलं. त्यांनी परत विचारलं, मी परत नको म्हटलं. सांगून केलेला आग्रह मला नको होता. माझ्या पोटचा पोरगा आहे, माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय, खानावळीत अभ्यास करत बसायचा तेव्हा रोज दोन वेळा मी लोकांना कशी वाढते ते बघायचा. त्याला कळेल, असं मी धरून चालले. इथं मी चुकले, आणि ती चूक माझी एकटीची आहे.

मोजणी सकाळी अकराला होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हर्षल आला. ऑफिसात होता, कानात इयरफोन. दाढी पांढरी व्हायला लागलीय त्याची. आठ महिन्यांनी मला दिसला, तोही पडद्यावर एवढा मोठा. आधी मशीनचे प्रश्न झाले, रेघ एकतीसपाशी सपाट झाली, सगळं मागच्यासारखं. मग खाडेबाई म्हणाल्या, आता तुम्ही विचारा, तीन मिनिटं आहेत.

त्यानं समोरचा कागद वाचला. मग कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

“आई, तुला याच्यापेक्षा जास्त हवेत का गं?”

आठ दिवस मी आरशासमोर ‘हो’ म्हणायची तयारी केली होती. पण त्याचे डोळे तांबारलेले होते, रात्री जागलेला दिसत होता, आणि ही चौदा हजारांची सतरंजी माझ्या मनात एवढीशी होऊन गेली. तोंडातनं शब्द गेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

“नको रे. पुरेत की मला.”

आणि मी थांबले. आता तो म्हणेल, अगं पण, खरंच पुरतात का. तो म्हणेल, घे की थोडे. एवढंच म्हणायचं होतं. मी हसून त्याच्याकडं बघत राहिले.

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला तो उतरलेला दिसला. तो शेजारी कुणाला तरी म्हणाला, दोन मिनिटांत येतो. मग विचारलं, झालं ना मॅडम? खाडेबाईंचा आवाज जरा चढलाच. म्हणाल्या, अजून दीड मिनिट शिल्लक आहे, काही विचारायचं असेल तर विचारा. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. हर्षलनं विचार केला, खरंच केला, आणि म्हणाला, आई, गोळ्या घेतेस ना वेळेवर? मी म्हटलं, घेते. तो म्हणाला, काळजी घे, दिवाळीला बघतो यायचं. मग म्हणाला, चल, ठेवू? मी म्हटलं, ठेव, जेवून घे वेळेवर.

पडदा काळा झाला. पस्तीस सेकंद उरले होते.

मशीन मात्र चालूच होतं. खाडेबाईंनी मला नंतर दाखवलं. हर्षलनं प्रश्न विचारल्यापासून माझी रेघ चढत होती. मी नको म्हटल्यावरही चढतच होती. गोळ्यांचं विचारलं तेव्हा तर फारच चढली. तो जाईपर्यंत ती वरवर जात होती. मग ती खाली आली, पार खाली, आणि सपाट झाली. मशीनला वाट बघणारी रेघ मोजता येत नाही. ते थांबलेली रेघ मोजतं. आणि माणूस पोट भरल्यावर थांबला काय आणि आशा सोडून थांबला काय, मशीनच्या लेखी दोन्ही सारखंच.

आकडा आला सत्तावीस हजार आठशे. पहिल्यापेक्षाही कमी. प्रमाणपत्रावर छापून आलं, ‘अतिशय समाधानी’.

खाडेबाई रडकुंडीला आल्या होत्या. मशीन बिघडलं असं लिहिते, परत घेऊ मोजणी, म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे, परत त्याला काय बोलवायचं. आणि राग तरी कुणावर धरू? हर्षलनं मला हजार माणसांना वाढताना बघितलंय. मला कुणी वाढताना त्यानं कधी बघितलंच नाही. सगळ्यांचं झाल्यावर मी ओट्याशी उभ्या उभ्या उरलेलं खायची, तोवर तो झोपलेला असायचा. आईलाही दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे त्याला कळणार कुठनं? मी कधी कळू दिलं नाही.

जिन्यात असताना ग्रुपवर त्याचा मेसेज आला. आई, आकडा अजून खाली आला, तू खरंच ग्रेट आहेस. त्या मेसेजखाली नातेवाइकांनी हात जोडलेली चित्रं टाकायला सुरुवात केली होती. मी सगळ्यांना एकेक हसरा चेहरा पाठवला.

साडेबारा वाजायला आले होते. हुक्केरी मास्तर स्वच्छ शर्ट घालून त्यांच्या दारात उभे होते. हातात त्यांचा स्वतःचा पाण्याचा तांब्या. मोजणीचं त्यांना माहीत होतं, त्यामुळं माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं असावं. मी सांगितलं की मास्तर, आजपासनं दुपारचं जेवण बंद करतेय, जमत नाही आता.

ते म्हणाले, अहो, हरकत नाही. मला तरी कुठं एवढी भूक असते.

ते खोटं बोलत होते, आणि मला ते स्वच्छ दिसत होतं. आत डब्यात चार भाकरींचं पीठ होतं. पण आज त्यांना बसवलं तरी उद्या काय, परवा काय, हे सगळं डोक्यात आलं. मी म्हटलं, बरं. मग ते आत गेले, मीही आत आले, आणि दार लावून घेतलं.